लिक्विड क्रिस्टल की इलेक्ट्रोस्ट्रिक्टिव्ह सिरॅमिक? सांगलीत बसून काय जमेल?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. सांगलीत एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय महिनाअखेर द्यायचाय आणि मॅडमनी दोन पर्याय पुढ्यात ठेवलेत.

पहिला, नेमॅटिक (लांबट रेणू एकाच दिशेला रांगेत असलेल्या) लिक्विड क्रिस्टलची सेल, म्हणजे दोन काचांमधला पातळ थर, स्वतः बनवायची आणि व्होल्टेज वाढवत नेऊन तिच्यातून जाणाऱ्या प्रकाशाची फेज (लाटेचा टप्पा) किती बदलते ते मोजायचं. दुसरा, लेड मॅग्नेशियम निओबेट म्हणजे पीएमएन या इलेक्ट्रोस्ट्रिक्टिव्ह सिरॅमिकची चकती भाजायची आणि विद्युत क्षेत्रात ती किती ताणली जाते ते मोजायचं. मोठ्या दुर्बिणींतल्या आकार बदलणाऱ्या आरशांमागे हाच पदार्थ असतो, असं मॅडम म्हणाल्या.

हाताशी लाल हीलियम-निऑन लेसर, मायकल्सन इंटरफेरोमीटर (प्रकाशाच्या लाटांनी बारीक अंतर मोजणारं यंत्र), फंक्शन जनरेटर, जुना पण चालणारा ऑसिलोस्कोप आणि १२०० अंशांपर्यंत जाणारी भट्टी आहे. क्लीन रूम नाही. एसी फक्त संगणकाच्या खोलीला. खर्चाचं विचारूच नका.

यातलं इथे नीट काय होईल? आणि पुढे पीएच.डी. करायची झाली तर वाव कशात आहे?

आगाऊ कार्टं

लिक्विड क्रिस्टल तर शंभर रुपयांच्या कॅल्क्युलेटरमध्ये पण असतंय की. त्यात आता काय संशोधन राहिलंय? ह.घ्या.

निवृत्त मास्तर

कार्ट्या, डिस्प्लेचा धंदा मोठा झाला म्हणून भौतिकी संपत नसते. उलट त्या कारखान्यांमुळेच आज चांगले पदार्थ विकत मिळतात, नाहीतर हा विषय ऐंशी वर्षं कपाटात पडून होता. १८८८ साली प्रागमध्ये राइनिट्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएट दोनदा वितळताना दिसलं, १४५.५ अंशांना गढूळ द्रव आणि १७८.५ ला नितळ. त्याने ते लेहमान या भौतिकीवाल्याकडे पाठवलं आणि तो गढूळ द्रव म्हणजे वाहणारा स्फटिक आहे हे लेहमानने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवलं. त्यानंतर बराच काळ निव्वळ मौज. १९६८ मध्ये अमेरिकेत आरसीए कंपनीतल्या हाइलमायर यांच्या गटाने डिस्प्ले दाखवले, १९७० च्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये शाट आणि हेल्फ्रिश यांनी ट्विस्टेड नेमॅटिक सेल काढली, आणि इंग्लंडात हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी ५सीबी हा खोलीच्या तापमानाला नेमॅटिक राहणारा रेणू बनवला. तिथून गाडी सुटली. आपल्याकडे १९७७ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर यांच्या गटाने चपट्या गोल रेणूंचेही लिक्विड क्रिस्टल होतात हे प्रथम दाखवलं. नोबेलवाले चंद्रशेखर ते वेगळे.

आता कृष्णाकाठची, तुझ्या प्रश्नाकडे. हे दोन विषय वरून वेगळे दिसतात. एकात पदार्थाचा अपवर्तनांक बदलतो आणि प्रकाशाचा वेग कमीजास्त होतो. दुसऱ्यात पदार्थाची लांबी बदलते, त्यावर आरसा चिकटवला की प्रकाशाची वाट कमीजास्त होते. पण आतलं गणित एकच. दोघेही क्षेत्राच्या वर्गाला प्रतिसाद देतात. अधिक-उणे दोघांनाही ओळखता येत नाही.

पिझोइलेक्ट्रिक पदार्थाला व्होल्टेज उलटं लावलं की तो ताणायच्या ऐवजी आखडतो. इलेक्ट्रोस्ट्रिक्टिव्ह पदार्थ दोन्ही वेळी तेवढाच आणि त्याच दिशेला ताणला जातो. नेमॅटिकचंही तसंच. पुरात कृष्णेतून वाहत येणारा ऊस आठव. सगळी कांडकी एकाच दिशेला, पण शेंडा कुणाचा पुढे आणि बुडखा कुणाचा, याला धरबंध नाही. त्यामुळे क्षेत्र वर असो की खाली, रेणू वळायचे तेवढेच वळतात.

याचा व्यवहारातला फायदा बघ. सेलला डीसी लावलं तर आतले आयन काचांकडे जाऊन साचतात आणि पदार्थ हळूहळू खराब होतो. पण चिन्ह कळतच नसल्यामुळे आपण १ किलोहर्ट्झचा एसी लावून मोकळे. आयन जागच्या जागी हलतात, रेणू मात्र सरासरी वर्ग बघून वळलेले राहतात.

भट्टीवाला

मास्तरांशी सहमत. मी सिरॅमिकवाला आहे, कोल्हापूरकडे बरीच वर्षं याच कामात गेली, त्यामुळे दुसऱ्या पर्यायाबद्दल स्पष्टच लिहितो.

पीएमएन दिसायला सोपं आणि करायला वांड आहे. लेड ऑक्साइड, मॅग्नेशियम ऑक्साइड आणि निओबियम पेंटॉक्साइड एकत्र खलून भट्टीत घातलं की हवी ती पेरोव्हस्काइट रचना सोडून पायरोक्लोर नावाची नको असलेली स्फटिकरचना आधी येऊन बसते आणि मग हटता हटत नाही. यावर १९८२ साली स्वार्ट्झ आणि श्राउट यांनी तोडगा काढला. आधी मॅग्नेशियम आणि निओबियम यांचंच संयुग १००० अंशांच्या वर भाजून घ्यायचं, शिसं नंतर मिसळायचं. शेवटचं भाजणं १२०० च्या आसपास, म्हणजे तुमची भट्टी काठावर आहे. त्या तापमानाला लेड ऑक्साइडची वाफ होते. झाकणबंद क्रुसिबल, आत शिसं असलेली पूड पेरून ठेवायची, तरी वजन घटतंच. आणि ती वाफ कुणाच्या छातीत जाणार? फ्यूम हूड (वाफ बाहेर ओढून नेणारी पेटी) नसेल तर हा पर्याय आजच खोडून टाका. मी विद्यार्थ्यांना हूडशिवाय शिशाला हात लावू देत नाही, मग प्रकल्प राहिला तरी चालेल.

चकती जमली तर मात्र मोजायला मजा आहे. मिलिमीटरला १ किलोव्होल्ट क्षेत्रात या पदार्थाची लांबी साधारण ०.१ टक्क्याने वाढते. १ मिलिमीटर जाडीची चकती, १००० व्होल्ट, म्हणजे सुमारे १ मायक्रॉन. तुमच्या मायकल्सनमध्ये लाल लेसरची एक फ्रिंज (उजळ-काळी पट्टी) सरकली म्हणजे आरसा ०.३१६ मायक्रॉन सरकला. तीनेक फ्रिंजेस सरळ डोळ्यांनी मोजता येतील. मात्र चकती नीट टेकली नाही तर ती किंचित वाकते आणि आरसा खऱ्यापेक्षा जास्त हलतो. पुष्कळ लोकांचे भरघोस आकडे त्या वाकण्यातून आलेले असतात.

आगाऊ कार्टं

१००० व्होल्ट? कॉलेजात? शिपाईमामांना आधी विचारा.

पाटाचं पाणी

मास्तर, एक शंका हाय. आमच्या गाडीचा डिजिटल मीटर उन्हात गाडी लावली की सगळा काळा पडतोय. शोरूमवाला म्हणला मीटर बदला. पण सावलीत घेतली की अर्ध्या तासात आकडे परत दिसाय लागत्यात. ह्ये तुमच्या लिक्विड क्रिस्टलचंच काय?

निवृत्त मास्तर

बरोबर ओळखलंत पाटील, मीटर बदलू नका.

मीटरच्या काचेला दोन्ही बाजूंनी पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणाऱ्या फिल्म) असतात, एकमेकांना काटकोनात. नुसते असे दोन पोलरायझर ठेवले तर प्रकाश पार होत नाही. मधल्या थरातले रेणू खालपासून वरपर्यंत ९० अंशांनी पिळलेले असतात, ते प्रकाशाचं ध्रुवीकरण तेवढंच फिरवतात आणि प्रकाश सुटतो. जिथे व्होल्टेज लावाल तिथला पीळ सुटतो आणि तेवढी जागा काळी होते, तो आकडा. आता पदार्थ एका ठरावीक तापमानाच्या वर गेला की तो साधा द्रव होतो, पीळ सगळीकडचाच जातो आणि अख्खी काच काळी. हवेचं तापमान ४० असलं तरी उन्हातल्या काळ्या पॅनेलचं त्याहून बरंच जास्त होतं. थंड झालं की रेणू आपोआप रांगेला लागतात.

कृष्णाकाठची

म्हणजे मग आमच्या लॅबचं काय? मॅडमच्या यादीत ५सीबीच आहे.

निवृत्त मास्तर

तेच सांगणार होतो. ५सीबी सुमारे ३५ अंशांना साधा द्रव होतो. सांगलीत एप्रिलमध्ये दुपारी दोनला बिनएसीच्या खोलीत तुझी सेल लिक्विड क्रिस्टल राहणारच नाही. ई७ नावाचं मिश्रण माग. त्यात ५सीबीच आहे, पण आणखी तीन रेणू मिसळून नेमॅटिकची हद्द ६० अंशांच्या आसपास नेलेली आहे. शिवाय त्याच्या दोन अपवर्तनांकांतला (रेणूंच्या रेषेतला आणि तिला आडवा) फरक ०.२२ च्या घरात आहे, तो ५सीबीपेक्षा जास्त.

हिशोब करून बघ. ६ मायक्रॉन जाडीची सेल घेतलीस तर ६ गुणिले ०.२२ म्हणजे १.३ मायक्रॉनचा पथफरक (प्रकाशाच्या वाटांतला फरक), लाल लेसरच्या दोन तरंगलांबी. रेणूंची दिशा पोलरायझरला ४५ अंशांत ठेवून व्होल्टेज हळूहळू वाढव. साधारण एका व्होल्टपर्यंत काहीच होणार नाही. मग एकदम पडद्यावरचा ठिपका उजळ-अंधार-उजळ-अंधार करत जाईल. त्या आलेखावरून प्रत्येक व्होल्टेजची फेज काढता येते. तो सुरुवातीचा उंबरठा सेलच्या जाडीवर अवलंबून नसतो. ६ मायक्रॉनची सेल घे किंवा १२ ची, व्होल्टेज तेच. माझ्या मते या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच आहे, आणि विद्यार्थी तीच गाळतात.

मिरजेचा चष्मेवाला

धागा वाचतोय, निम्मा कळतोय. माझं चष्म्याचं दुकान आहे. चाळिशीच्या गिऱ्हाइकांची रोजची तक्रार, बायफोकलची रेघ नको आणि प्रोग्रेसिव्हला डोळे रुळत नाहीत. बटण दाबलं की नंबर बदलेल असा लिक्विड क्रिस्टलचा चष्मा येणार म्हणून मी कधीपासून ऐकतोय. कुठे अडलंय?

निवृत्त मास्तर

अडलंय ते जाडीच्या वर्गावर. भिंगाच्या मध्यात आणि कडेला जो पथफरक लागतो तो त्रिज्येचा वर्ग गुणिले नंबर भागिले दोन. १ सेंटिमीटर व्यासाचं छोटंसं भिंग घ्या, त्रिज्या ५ मिलिमीटर, नंबर +२. उत्तर २५ मायक्रॉन येतं. अपवर्तनांकातला फरक ०.२ धरला तर थर १२५ मायक्रॉनचा हवा. आणि व्होल्टेज काढल्यावर रेणू मूळ जागी यायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. ६ मायक्रॉनला पन्नास-साठ मिलिसेकंद लागत असतील तर १२५ ला वीस-पंचवीस सेकंद. गिऱ्हाईक मेनूकार्डवरून मान वर करेल आणि वेटर निघून गेलेला असेल.

म्हणून लोक भिंगाच्या पायऱ्या पाडतात, फ्रेनेलच्या भिंगात पाडतात तशा, म्हणजे थर पातळ राहतो. त्याने रंग फाटतात आणि कडेला चकाकी येते. शिवाय साधी सेल एकाच ध्रुवीकरणाच्या प्रकाशावर काम करते, त्यामुळे एकमेकींना काटकोनात दोन सेल लावाव्या लागतात. २०११ च्या सुमारास अमेरिकेत असे चष्मे विकायला आले होते, तगले नाहीत.

दूरबीण

चष्मेवाले, एक वेगळी वाटही आहे आणि ती भारतातूनच सुरू होते. १९५६ साली बंगळुरूला पंचरत्नम यांनी दाखवलं की प्रकाशाचं ध्रुवीकरण एका फेरीतून फिरवून मूळ जागी आणलं तरी प्रकाशाला एक जादा फेज चिकटते आणि ती फक्त त्या फेरीच्या आकारावर ठरते. आज याच्यावर लिक्विड क्रिस्टलची सपाट भिंगं बनतात. थर दीड-दोन मायक्रॉनचा, जाडी सगळीकडे सारखी, फक्त रेणूंची दिशा मध्यापासून कडेकडे फिरत जाते. वर्तुळी ध्रुवीकरणाच्या एका हाताला (फिरकीला) ते बहिर्वक्र भिंग, दुसऱ्या हाताला अंतर्वक्र. समोर एक लिक्विड क्रिस्टलची झडप लावून हात बदलला की नंबर +१ चा -१. झडप पातळ असल्यामुळे वेळही कमी. व्हर्च्युअल रिॲलिटीच्या हेडसेटसाठी यावर जोरात काम चालू आहे. रंगांचा गोंधळ इथेही आहेच, तो सुटलेला नाही.

पंचरत्नम आणि मास्तरांनी सांगितलेले चंद्रशेखर, दोघेही सी. व्ही. रामन यांचे भाचे. घराणं गायकीतच असतं असं नाही.

आता माझ्या आवडीचं. मी साताऱ्यातून कासकडे रात्री दुर्बीण घेऊन जाणाऱ्यांपैकी, त्यामुळे पीएमएनची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. हबलचा मुख्य आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जादा चपटा घासला गेला होता हे सगळ्यांना माहीत आहे. १९९३ च्या डिसेंबरात एंडेव्हर यानातून अंतराळवीर गेले आणि त्यांनी वाइड फील्ड अँड प्लॅनेटरी कॅमेरा २ बसवला. त्याच्या आतल्या छोट्या आरशांमध्येच उलटी चूक घासून ठेवली होती. पण मुख्य आरशाची प्रतिमा त्या छोट्या आरशांवर जराही इकडेतिकडे पडली तर दुरुस्तीच बिघाड ठरली असती. म्हणून वाटेतले तीन आरसे जमिनीवरून कलवता येतील असे केले, आणि ते कलवणारे ॲक्च्युएटर पीएमएनचे, म्हणजे इलेक्ट्रोस्ट्रिक्टिव्ह होते.

पिझो का नाही? पिझोला आधी पोलिंग (मोठं क्षेत्र लावून आतले ध्रुव एका दिशेला वळवणं) करावं लागतं आणि ते काळाबरोबर उतरतं. व्होल्टेज स्थिर ठेवलं तरी तो थोडा थोडा सरकत राहतो. वर नेताना एक वाट, खाली आणताना दुसरी, हा फरक पिझोत दहा-पंधरा टक्के सहज असतो, पीएमएनमध्ये दोन-तीन टक्क्यांच्या आत राहतो. वर जाऊन पाना फिरवायला कुणी नाही, तिथे हा फरक मोठा. पुढे केक दुर्बिणीचा ३४९ ॲक्च्युएटरचा आरसा, पालोमारचा ३३८८ चा, हे याच जातीचे. नासाच्या रोमन दुर्बिणीच्या कोरोनाग्राफसाठी (ताऱ्याचा प्रकाश झाकणाऱ्या उपकरणासाठी) ४८ बाय ४८ चे दोन आरसे बनवले, तेही पीएमएनवरच.

भट्टीवाला

दूरबीण, हबलची गोष्ट खरी, पण तापमानाचं बोला की. शुद्ध पीएमएनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (विद्युतभार साठवायची क्षमता) उणे १० अंशांच्या आसपास सर्वात जास्त असतो. १० टक्के लेड टायटनेट मिसळलं की तो बिंदू ४० अंशांकडे येतो. त्याच्या बराच खाली गेलं की वर नेताना आणि खाली आणतानाच्या वाटांतला फरक रुंदावतो, वर गेलं की ताणणं कमी होतं. म्हणजे सांगलीच्या मे महिन्यात या ९०-१० मिश्रणाचं उत्तम चालेल, आणि डिसेंबरच्या पहाटे तेच नमुने वेगळे आकडे देतील. लिक्विड क्रिस्टलवाले उन्हाला घाबरतात, आम्ही थंडीला.

स्थिरांक २०,००० च्या वर जातो हे गुण म्हणून सांगतात, पण त्यामुळे प्रत्येक ॲक्च्युएटर हा मोठा कपॅसिटर होतो. वेगाने हलवायचा तर ॲम्प्लिफायर दणकट हवा.

निवृत्त मास्तर

आणि तो वर्गाचा नियम इथे उलटा त्रास देतो. ५० हर्ट्झ लावा, आरसा १०० हर्ट्झने हलणार. व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात हालचाल हवी असेल तर आधी मोठं डीसी लावून ठेवायचं आणि त्यावर छोटा सिग्नल चढवायचा. तसं केलं की तो पिझोसारखा वागतो. पदार्थ खरंच इलेक्ट्रोस्ट्रिक्टिव्ह आहे का ते तपासायलाही हीच खूण. दुप्पट वारंवारतेला उत्तर आलं पाहिजे.

अर्धवट पीएच.डी.

उशिरा आलो. मास्तरांच्या नियमाला एक अपवाद नोंदवतो. नेमॅटिकला डोकं-शेपूट नसतं हे २०१७ पर्यंत सुखाने शिकवता येत होतं. त्या वर्षी इंग्लंड आणि जपानमध्ये वेगवेगळ्या गटांनी असे रेणू बनवले ज्यांच्यात सगळी डोकी एकाच बाजूला होतात, आणि २०२० मध्ये अमेरिकेत बोल्डरच्या गटाने ही फेरोइलेक्ट्रिक नेमॅटिक अवस्था असल्याचं दाखवून दिलं. माक्स बॉर्न यांनी तशी शक्यता १९१६ मध्येच मांडली होती. यांना अधिक-उणे ओळखता येतं, आणि अगदी कमी क्षेत्रात ते वळतात. पीएच.डी.चं विचारलंत म्हणून सांगतो, सध्या खरी झुंबड इथे आहे.

आणि दोन्ही पर्याय एकाच पदार्थात हवे असतील तर तेही झालेलं आहे. लिक्विड क्रिस्टलचे रेणू रबराच्या जाळ्यात अडकवले की इलॅस्टोमर होतो. २००१ मध्ये फेरोइलेक्ट्रिक जातीच्या अशा पातळ पडद्यात मिलिमीटरला दीड किलोव्होल्ट एवढ्या क्षेत्रात ४ टक्के इलेक्ट्रोस्ट्रिक्शन मोजलं गेलं. सिरॅमिकच्या चाळीसपट. भट्टीवाले रागावू नका, सिरॅमिकची ताकद त्याला नाही. त्यावर जड आरसा ठेवला तर तो हलवणं त्याला झेपणार नाही.

भट्टीवाला

रागावत नाही. ४ टक्के पातळ पडद्यात आहेत, माझी चकती हातात धरता येते एवढंच म्हणतो.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. मॅडमशी बोलले. आमच्याकडे फ्यूम हूड रसायनशास्त्राच्या विभागात आहे आणि तो त्यांच्याच कामात असतो, त्यामुळे शिसं बाद. ई७ ची सेल नक्की केली. एक बदल केलाय. खोली थंड ठेवायच्या नादाला न लागता सेल छोट्या हीटरवर बसवायची आणि ४० पासून ६० पर्यंत तापवत न्यायची. उंबरठ्याचं व्होल्टेज आणि पथफरक दोन्ही तापमानाबरोबर कसे ढासळतात ते बघायचं. म्हणजे उन्हाळाही कामाला लागेल.

आता सेलबद्दल सांगा. काच, पोलरायझर, जाडी, सगळंच.

निवृत्त मास्तर

हे झकास. ४० च्या वर सुरुवात केलीस म्हणजे खोलीचा प्रश्नच मिटला.

इंडियम टिन ऑक्साइडचा लेप असलेली काच विकत घ्यावी लागेल. लेप कुठल्या बाजूला आहे ते डोळ्यांना दिसत नाही, मल्टिमीटरची दोन्ही टोकं टेकव, काही ओहम दाखवेल ती बाजू आत. त्यावर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं पातळ पाणी फिरवून वाळव आणि मखमलीच्या कापडाने एकाच दिशेने घास. मागे-पुढे नाही, एकाच दिशेने. रेणू त्या घासण्याच्या रेषेत बसतात. दोन काचांच्या मध्ये ६ मायक्रॉनची मायलर फिल्म, कडा इपॉक्सीने बंद, दोन बाजू उघड्या.

भरण्याआधी जाडी मोज, नंतर ते जमत नाही. रिकामी सेल लेसरसमोर ठेवून हळूहळू तिरकी कर आणि परावर्तित ठिपक्याचे उजळ-अंधार मोज. ६ मायक्रॉनच्या फटीला सरळपासून ४५ अंशांपर्यंत पाच-साडेपाच फ्रिंजेस यायला हव्यात. धूळ अडकली असेल तर तीच सेल दहा मायक्रॉनची निघेल.

भरताना सेल आणि ई७ दोन्ही ६५-७० अंशांना तापव, एका उघड्या बाजूला थेंब लाव, तो आपसूक आत ओढला जातो. मग सावकाश निवू दे.

आगाऊ कार्टं

पोलरायझर विकत घेऊ नका. विश्रामबागेत आमच्या मित्राचं मोबाइल आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, फुटलेल्या एलसीडीचा ढीग पडलाय. वरची फिल्म सोलली की झालं. ताई, किती पाहिजेत ते सांगा, शनिवारी घेऊन ठेवतो.

कृष्णाकाठची

अरे वा, चार तुकडे पुरेत. तळहाताएवढे. डिंक लागलेला असेल तर तो कशाने काढायचा?

भट्टीवाला

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड. ॲसिटोन लावू नका, फिल्म पांढरी पडते.

निवृत्त मास्तर

आणि एक राहिलंच. दोन्ही काचा तंतोतंत एकमेकींवर ठेवू नकोस, अर्धा सेंटिमीटर सरकवून चिकटव. नाहीतर वायर लावायला लेपाची उघडी कड उरत नाही.